हॉर्नबी रोडचं रंगीत कार्ड : शिक्का १९१० चा, पण चित्र कधीचं?

शाईचाडाग

जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचा ४० चा गठ्ठा हाती आलाय. बरीचशी मुंबईची, सात-आठ पुणे-लोणावळ्याची, चार गोव्याची. त्यातल्या एकावर अडलोय.

पुढची बाजू : रंगीत. खाली बारीक लाल इंग्रजी अक्षरांत 'हॉर्नबी रोड, बॉम्बे'. डावीकडे महापालिकेचा मनोरा, उजवीकडे व्हीटीचा (आताच्या सीएसएमटी स्थानकाचा) घुमट, मधोमध घोड्यांची ट्राम. आकाश निळं-गुलाबी.

मागची बाजू : मधे उभी रेघ. उजवीकडे इंग्लंडमधल्या सरे परगण्याचा पत्ता, डावीकडे शाईने खच्चून मजकूर. सातव्या एडवर्ड राजाचं हिरवं अर्ध्या आण्याचं तिकीट, मुंबईचा गोल शिक्का, वर्ष १९१०. शेजारी एक काळा 'टी' आणि त्याला लागून १० हा आकडा. खाली 'जर्मनीत छापलेले' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि पाच आकडी नंबर. प्रकाशकाचं नाव नाही.

विचारायचं ते असं. चित्र १९१० चंच धरायचं का? तो 'टी' काय आहे? कार्ड नंतर छापलेली नक्कल नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं? आणि पावसाळ्याच्या आत हे सगळं कशात ठेवायचं? निम्मी कार्डं काळ्या कागदाच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेली आहेत.

---

पावआणा

तुमच्या हातात तीन वेगवेगळ्या तारखा आहेत : फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि टपालात पडलं ती. शिक्का फक्त तिसरी सांगतो. पहिल्या दोन त्याच्या आधीच्या, एवढंच त्यावरून कळतं. किती आधीच्या, ते बाकीच्या खुणांवरून काढायचं. मी मागच्या बाजूचं सांगतो, चित्राचं दुसरं कुणी सांगेल.

मधली रेघ. सुरुवातीच्या कार्डांना मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, म्हणून मजकूर पुढे चित्राच्या कडेला सोडलेल्या पांढऱ्या पट्टीत कोंबलेला दिसतो. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू विभागायला परवानगी दिली, जर्मनीने १९०५ मध्ये. परदेशी टपालासाठी ही सवलत १९०६ च्या रोमच्या टपाल परिषदेत ठरली आणि १९०७ पासून लागू झाली. मधल्या काळातल्या काही कार्डांवर 'ही जागा फक्त देशांतर्गत टपालासाठी' अशी सूचना असते. ती सापडली तर छपाई १९०२ ते १९०७ च्या आसपासची. तुमच्या कार्डावर अशी सूचना नाही, त्यामुळे छपाई साधारण १९०५ नंतरची आणि अर्थात १९१० च्या आधीची.

'जर्मनीत छापलेले'. हिंदुस्थानातली चांगली रंगीत कार्डं तेव्हा जर्मनीतून छापून यायची. १९१४ ला युद्ध लागलं आणि हा पुरवठा तुटला. न वापरलेल्या, शिक्का नसलेल्या कार्डावर ही ओळ दिसली तर ते बहुधा १९१४ च्या आधीचं, पण खात्रीने नाही.

तिकीट. एडवर्डची तिकिटं १९०२ पासून. पण तुमच्या तिकिटावर 'पोस्टेज'च्या जोडीला 'रेव्हेन्यू' हा शब्दही आहे का ते बघा. असेल तर ते १९०६ नंतरचं. शिक्का पुसट असलेल्या कार्डांना हे फार उपयोगी पडतं. बाकी राजांचा हिशेब सोपा : व्हिक्टोरिया १९०२ पर्यंत, पंचम जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. मात्र जुनी तिकिटं नवीन आल्यावरही खपेपर्यंत चालत, म्हणून राजा बघून फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच म्हणायचं.

आता 'टी'. हा या कार्डाचा सगळ्यात गमतीचा भाग. देशात कार्डाला पाव आणा पुरायचा (१८७९ पासून १९२२ पर्यंत तोच दर), परदेशी कार्डाला एक आणा लागायचा. अर्ध्या आण्यात परदेशी जायचं ते छापील माल म्हणजे बुक पोस्ट, आणि त्यावर सही-शुभेच्छांपलीकडे चार ओळी लिहिल्या की सवलत गेली. तुमच्या माणसाने अर्धा आणा लावून कार्ड भरून मजकूर लिहिला. मुंबईच्या टपालघराने ते पकडलं आणि 'टी' मारला. 'टी' म्हणजे फ्रेंच 'टॅक्स'चं आद्याक्षर, कारण आंतरराष्ट्रीय टपालाची भाषा फ्रेंच होती. दहाचा आकडा म्हणजे १० सेंटिम (फ्रँकचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंटिम) : कमी पडलेला अर्धा आणा म्हणजे ५ सेंटिम, दंड दुप्पट, म्हणून १०. तेव्हा रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता, म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी. तेव्हा सरेमध्ये कार्ड घेणाऱ्याने एक पेनी भरलेली असणार. कुठेतरी '१ डी' (डी म्हणजे पेनी) असा ब्रिटिश शिक्का असेल, नीट शोधा, बहुतेक पत्त्यावरच मारलेला असतो. दंडाचं तिकीट शोधू नका, ब्रिटनमध्ये ती १९१४ मध्ये आली.

तिकीट काढू नका, वाफ देऊ नका. सुटं अर्ध्या आण्याचं तिकीट चिल्लर किमतीचं, पण 'टी'सकट पूर्ण कार्ड टपाल इतिहासवाल्यांना हवं असतं.

---

बोरीबंदर

चित्राकडे वळू.

आधी चित्र उलटं छापलेलं नाही ना ते बघायचं. काचेची निगेटिव्ह पालथी लावली की डावं-उजवं बदलतं, आणि परदेशी छापखान्यात ते कुणाच्या लक्षात येत नसे. फोर्टकडून बोरीबंदरकडे तोंड करून उभं राहिलं तर व्हीटी उजव्या हाताला आणि महापालिका डाव्या हाताला यायला हवी. तुमच्यात तशीच आहेत, ट्रामही डाव्या बाजूने चालत असेल. म्हणजे सुलटं. व्हीटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. त्याच्यावर ऊन असेल तर फोटो दुपारनंतरचा.

मग चौकटीत काय आहे आणि काय नाही याची यादी करायची. व्हीटीचं काम १८७८ ला सुरू होऊन १८८८ ला संपलं. महापालिकेची इमारत १८९३ ला पुरी झाली. मनोरा पूर्ण दिसतोय, बांबूची परांची नाही, म्हणजे खालची मर्यादा १८९३. वरची मर्यादा ट्राम देते. घोड्यांची ट्राम मुंबईत ९ मे १८७४ ला आली, विजेची ७ मे १९०७ ला. आणि विजेची पहिली ट्राम सुटली तीच महापालिकेच्या दारातून क्रॉफर्ड मार्केटकडे, म्हणजे नेमक्या तुमच्या चित्रातल्या जागेवरून. रस्त्याच्या वर तारा आणि कडेला खांब दिसतात का ते भिंगाने बघा. खांब नसतील तर फोटो त्या कामाच्याही आधीचा. महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा नसणार, तो १९२३ चा.

तर फोटो १८९३ ते १९०७, छपाई साधारण १९०५ ते १९१०, टपाल १९१०. म्हणजे विजेच्या ट्राम सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी विलायतेला जाणाऱ्या कार्डावर अजून घोडे धावतायत. दुकानदार जुना साठा संपवत असत आणि प्रकाशक एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत. म्हणून 'कार्डावर घोड्यांची ट्राम आहे, अर्थात १९१० ला घोड्यांची ट्राम होती' असं लिहिणारे लेख समाजमाध्यमांवर वाचले की डोकं फिरतं.

१८९३ ते १९०७ ही फट अजून कमी करायची असेल तर दुकानांच्या पाट्या वाचा. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून मोठं केलं की सावलीतल्या पाट्याही बऱ्याचदा लागतात. नाव मिळालं की थॅकरची इंडियन डिरेक्टरी किंवा टाइम्स ऑफ इंडियाची वार्षिक डिरेक्टरी उघडायची. त्यांत व्यापाऱ्यांची नावं पत्त्यासकट आहेत. ती पेढी हॉर्नबी रोडवर कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसते आणि कोणत्या वर्षी दुसरीकडे जाते हे दोन-तीन खंड चाळून कळतं. इमारतींच्या तारखांपेक्षा हा मार्ग जास्त बारीक नेम धरतो, कारण इमारती शंभर वर्षं उभ्या राहतात, दुकानं नाहीत.

मुंबईच्या बाकी कार्डांसाठी हाताशी ठेवायच्या तारखा : राजाबाई टॉवर १८७८. ताजमहाल हॉटेल डिसेंबर १९०३. अपोलो बंदरावर ताज आहे पण गेटवे नाही, तर १९०३ ते १९२४ च्या मधलं (पायाचा दगड १९११ चा, उद्घाटन डिसेंबर १९२४ चं). दुमजली ट्राम दिसली तर १९२० नंतरचं, मोटारबस दिसली तर जुलै १९२६ नंतरचं. काळा घोडा (एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा) आपल्या जागी असेल तर १८७९ ते १९६५. फ्लोरा फाउंटन १८६४ पासून तिथेच, त्यामुळे एकट्या कारंज्यावरून काही ठरत नाही, आजूबाजूचं बघावं लागतं.

रस्त्यांची जुनी नावं लागतील : हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन मार्ग, क्रुकशँक रोड म्हणजे महापालिका मार्ग, कार्नाक रोड म्हणजे लोकमान्य टिळक मार्ग, एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल. आणि छापील मथळ्यावर डोळे झाकून विश्वास नको. स्टुडिओत पडद्यासमोर बसवलेल्या माणसाला एका कार्डावर 'फकीर' आणि दुसऱ्यावर 'भिकारी' म्हटलेलं सापडतं, चेहरा तोच.

---

भिंगवाला

बोरीबंदर यांनी चित्रातल्या तारांबद्दल सांगितलंय, त्यात एक पाचर मारतो. रंगीत कार्डावर तार 'नाही' याला पुरावा मानू नका. छापखान्यातले कारागीर तारा खोडत, ढग घालत, कधी रस्त्यावर माणसं बसवत. दिवसाच्या निगेटिव्हवर निळा रंग चढवून चंद्र काढला की 'चांदण्यातली मुंबई' तयार. त्यातल्या इमारतींच्या सावल्या उन्हाच्या असतात. रंगही घरबसल्या कल्पनेने दिलेले. लाल फेटा म्हणजे फेटा खरंच लाल होता असं नाही. त्याच निगेटिव्हचं एकरंगी कार्ड मिळालं तर तारा आणि खांब त्यात तपासा.

आता नक्कल आहे का ते. १० पट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, एवढं पुरे.

भिंगाखाली आकाशाचा सपाट भाग बघा.

ओळीत मांडलेले गोल ठिपके, निळा-गुलाबी-पिवळा-काळा मिळून छोट्या फुलांसारखे गुच्छ : चौरंगी ऑफसेट. जुन्या मुंबईच्या कार्डावर हे दिसलं तर बहुधा नवी नक्कल समजा.

ठिपकेच नाहीत, त्याऐवजी वाळलेल्या चिखलाला बारीक तडे जावेत तशी वेडीवाकडी नक्षी : कोलोटाइप. काचेवरच्या जिलेटिनच्या सुरकुत्यांवरून छापलेलं असल्याने ही नक्षी येते आणि हल्लीच्या यंत्रांना ती जमत नाही. तुमचं कार्ड बहुधा काळ्या कोलोटाइपवर लिथोचे (दगडावरून छापलेले) दोन-तीन रंग असं निघेल.

हाताने टिंबं टिंबं दिल्यासारखे कमीजास्त आकाराचे ठिपके, सात-आठ रंग एकमेकांवर : क्रोमोलिथो. तुमच्या लोणावळ्याच्या कार्डांत रविवर्मा प्रेसचं नाव आहे का बघा. १८९४ ला मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांची कार्डं क्रोमोलिथोत असतात. चित्रकार धुरंधरांची सही असलेल्या कार्डांनाही हाच निकष. या दोघांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून सही बघून खूश होण्याआधी ठिपके बघा.

काहीच नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग छटा : खरा फोटो, फोटोच्याच कागदावर. तिरप्या उजेडात धरलं की कडांच्या काळ्या भागात चांदीसारखी निळसर झळाळी दिसते. ती चांदी पृष्ठभागावर आल्याने येते, पुसू नका. नकलेत ती नसते.

मग खोली अंधारी करून टॉर्च मारा. १९५० च्या सुमारापासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालू लागले, ती अतिनील उजेडात निळीपांढरी चकाकतात. १९१० चं कार्ड मातकट, मंद दिसायला हवं. लखलखलं तर चहात बुडवून 'जुनं' केलेला नवा कागद. उलटं मात्र खरं नाही : हल्ली ही रसायनं नसलेला कागदही मिळतो, त्यामुळे चकाकलं नाही म्हणून अस्सल ठरत नाही. भिंग आणि टॉर्च दोन्हींत पास व्हायला हवं.

माप घ्या : ९० × १४० मिमी, एखादा मिमी इकडेतिकडे. १०० × १५० असेल तर ते अलीकडचं माप.

तुमच्याकडे 'टी' आणि दंडाचा पुरावा आहे, त्यामुळे खोटं असण्याची शक्यता तशीही कमीच. एवढी मेहनत नकला करणारे घेत नाहीत.

---

शाईचाडाग

पत्त्यावर जांभळट '१ डी' सापडला! मी त्याला डाग समजत होतो. आकाशात तडे आहेत, टॉर्चखाली चकाकत नाही. खांब-तारा नाहीत, पण भिंगवाला म्हणतात ते ध्यानात ठेवतो.

गोव्याच्या चारांपैकी तीन कोरी, एकावर पोर्तुगीज राजाचं तिकीट, त्यावर आडवी छापलेली अक्षरं. आणि अल्बमचं काय करू? कोपरा उचलून बघितला तर कागदाचा पापुद्रा निघू लागला.

---

पावआणा

आडवी अक्षरं 'रिपब्लिका' असणार. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, हाताशी असलेल्या राजाच्या तिकिटांवर तो शब्द छापून पुढे वापरली. म्हणजे ते कार्ड १९११ च्या आधी टपालात गेलेलं नाही. छाप नसलेल्या तिकिटावर कार्लोस असेल तर १९०८ पर्यंतचा राजा, मॅन्युएल असेल तर १९०८ ते १९१०. कोऱ्या कार्डांवर 'नोव्हा गोवा' छापलं असेल तर ते पणजीचंच तेव्हाचं नाव.

---

कागदकीडा

कोपरा उचलणं आधी थांबवा.

चिकटलेलं कार्ड पानातून काढायचं नाही, पान कार्डापासून काढायचं. अल्बमची शिवण सोडवून पानं सुटी करा. कार्डाच्या भोवती एक सेंमी जागा सोडून पान कापा. कार्ड तोंड खाली करून स्वच्छ काचेवर ठेवा आणि काळा कागद थर-थर सोलत चला, कार्ड सपाट राहील आणि वाकेल तो कागद. डिंक ठिपक्यांत लावलेला असेल तर मेण नसलेला दातांचा दोरा कार्ड आणि पानाच्या मधून करवतीसारखा हलकेच चालवला की तो तुटतो. शेवटचा काळा थर मजकुरावर राहिलाच तर राहू द्या. पाणी, वाफ, थिनर यांतलं काही नको : शाई पसरते, हाताने दिलेले रंग उतरतात, फोटो असेल तर जिलेटिन फुगून काचेला चिकटतं.

साफसफाई म्हणजे मऊ ब्रश, बस. पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी खोडरबराने घालवू नका, जुन्या विक्रेत्याची किंमतही कधीतरी माग काढायला उपयोगी पडते.

पाकिटं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची, कार्डापेक्षा दोन-तीन मिमी मोठी. दुकानात मिळणारी वास येणारी मऊ पीव्हीसीची नकोत, वर्षभरात ती चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. लॅमिनेशन केलं की कार्ड संपलं, ते परत काढता येत नाही. नोंदी कार्डावर नाही, पाकिटात मागे ठेवलेल्या आम्लरहित चिठ्ठीवर २बी पेन्सिलीने.

पाकिटं आडवी रचू नका, खणाच्या पेटीत उभी ठेवा, फार दाटीने नको आणि कलतील इतकी सैलही नको.

दमट हवा हा मुंबई-कोकणातला खरा शत्रू. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते, ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असताना कार्डं दोन-तीन दिवस पंख्याखाली, पण उन्हापासून दूर, मोकळी ठेवा आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ओली कार्डं हवाबंद केली तर बुरशीला तुम्हीच घर बांधून दिलंत. डब्यात रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका.

कडा कुरतडलेल्या असतील, चंदेरी कसर दिसली तर त्या गठ्ठ्याला दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कार्डांवर दव धरतं. हे विसरून घाईने उघडलेली कार्डं वाचवणं कसरीपेक्षा अवघड.

स्कॅन दोन्ही बाजूंचा, काळ्या कागदाच्या पाठीवर, म्हणजे कडा पूर्ण दिसतात. ६०० डीपीआयला ९० × १४० मिमीचं कार्ड साधारण ३३०७ × २१२६ पिक्सेल येतं, टिफमध्ये जतन करा. खऱ्या फोटोला १२०० डीपीआय घेण्यात अर्थ आहे, छापील जाळीच्या कार्डात १२०० ला फक्त ठिपके मोठे दिसतात. स्कॅनरमधलं जाळी घालवणारं बटण मूळ प्रतीसाठी बंद ठेवा, त्याने भिंगवाला म्हणतात तो पुरावाच पुसला जातो. फाइलच्या नावात तिन्ही तारखा वेगळ्या लिहा : फोटो १८९३-१९०७, छपाई १९०५-१०, टपाल १९१०.

---

बोरीबंदर

वर कागदकीडा यांनी लिहिलेल्या फाइलच्या नावात चौथं घाला : कॅमेरा कुठे उभा होता ते. तुमच्या कार्डात मनोरा आणि घुमट यांच्यातलं अंतर मोजून तीच चौकट आज दादाभाई नौरोजी मार्गावर जुळवता येते. रविवारी सकाळी सातच्या आत जा, नंतर गाड्यांमुळे रस्त्याच्या मधे उभं राहता येत नाही. आणि स्कॅनमधून पाट्या वाचता आल्या तर इथे टाका, डिरेक्टरीचे खंड बघून सांगतो.